उन्हाची टंचाई आहे, म्हणूनच

उत्तरेकडच्या शहरांनी सौरऊर्जेच्या नादी लागू नये, असं सांगणाऱ्यांचं म्हणणं ऐकताना पटत जातं. स्टॉकहोम, ऑस्लो, हेलसिंकी ही शहरं साठाव्या अक्षांशाच्या आसपास वसलेली. डिसेंबरात तिथे दुपारी तीनला दिवे लागतात. त्याहून वर ट्रोम्सोला तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. अशा ठिकाणी रस्त्यांच्या दिशा, इमारतींच्या उंच्या आणि छपरांचे उतार सूर्याकडे बघून ठरवायचे म्हणजे नुसती हौस. वीज हवी तर पवनचक्क्या आहेत, धरणं आहेत, अणुभट्ट्या आहेत. पॅनेलं लावायचीच तर स्पेनमध्ये लावा, राजस्थानात लावा, आणि शहरं शहरांसारखी बांधू द्या. आपल्याकडे गच्चीवर तीन किलोवॅटचा संच बसवून वीजबिल शून्याच्या आसपास आणलेल्या माणसाला तर हे ताबडतोब पटतं. ज्याच्याकडे ऊन आहे त्याने ते वापरावं, ज्याच्याकडे नाही त्याने दुसरं काही बघावं.

मला हा निष्कर्षच उलटा वाटतो. ऊन कमी म्हणून नगररचनेत त्याचा विचार नको, हे म्हणजे पाऊस कमी म्हणून बांधबंदिस्ती नको म्हणण्यासारखं झालं. कोकणात पाणी समुद्राला मिळालं तरी कुणाची हाक ना बोंब. माणदेशात मात्र बंधारा कुठे घालायचा, पाणी कुणाच्या शिवारातून जाणार, यावर अख्खं गाव भांडतं. पुण्यात टाऊन प्लॅनिंगवाल्यांनी सूर्याचा अजिबात विचार केला नाही, तरी बहुतेक गच्च्यांवर पॅनेल चालतं. आधी इमारत, मग दहा वर्षांनी सवड मिळाली की पॅनेल, हा क्रम आपल्याला परवडतो. साठाव्या अक्षांशावर तो परवडत नाही, आणि याचं कारण निव्वळ भूमिती आहे.

तीस मीटर उंचीची, म्हणजे नऊ-दहा मजली इमारत घ्या. २१ डिसेंबरला भरदुपारी पुण्यात सूर्य साधारण ४८ अंशांवर असतो आणि या इमारतीची सावली २७ मीटरवर संपते. शेजारचा रस्ता ओलांडला की ऊन. त्याच दिवशी, त्याच वेळी स्टॉकहोमला सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येतो आणि तीच इमारत २३० मीटरहून लांब सावली टाकते. ट्रॉन्डहाइमला ती सावली अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जाते. प्लॉटच्या साइड मार्जिनने हा प्रश्न सुटत नाही. एका प्लॉटवर काय बांधलं, याचा हिशेब चार गल्ल्या पलीकडच्या माणसाला द्यावा लागतो. प्लॉटच्या हद्दीत जे सुटत नाही ते हद्दीबाहेर, आराखड्याच्या पातळीवर सोडवायचं, यासाठीच तर नगररचना नावाची गोष्ट जन्माला आली.

इथे मला चाणाक्ष विरोधक पकडतील. डिसेंबरात मिळणारी वीज ती किती? स्टॉकहोमच्या छपरावरच्या संचाला डिसेंबरात वर्षाच्या उत्पादनाच्या एक-दोन टक्केच हाती लागते. मग त्या महिन्याची सावली मोजून काय मिळवलंत? आक्षेप रास्त आहे. म्हणून डिसेंबर सोडून द्या आणि २१ मार्च घ्या. स्टॉकहोमला भरदुपारी तीच सावली ५० मीटर, दुपारी तीनच्या सौर वेळेला ७७ मीटर. पुण्यात हेच आकडे १० आणि ३३. आणि मार्च ते सप्टेंबर हा काळ तर उत्तरेत सौरऊर्जेचा खरा हंगाम. जूनमध्ये स्टॉकहोमचा दिवस साडेअठरा तासांचा असतो. त्यातले कितीतरी तास सूर्य ईशान्येकडून, वायव्येकडून, तिरपा येतो. म्हणजे सावली कुठल्या एका दिशेला पडत नाही, ती दिवसभर इमारतीभोवती फिरते. हा प्रश्न डिसेंबरपुरता नाही, वर्षभराचा आहे.

‘तिथे ऊनच नाही’ हे म्हणणं तर आकड्यांपुढे टिकतच नाही. स्टॉकहोममध्ये सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर वर्षाकाठी साधारण हजार युनिटांइतकी सौरऊर्जा पडते, पुण्यात दोन हजारांच्या आतबाहेर. निम्मं, शून्य नव्हे. पॅनेल चाळीस-पंचेचाळीस अंशांत कलतं केलं की तफावत आणखी घटते, कारण तिरप्या सूर्याला कलतं पॅनेल जास्त मानवतं. शिवाय सिलिकॉनच्या पॅनेलला उष्णता सोसत नाही, तापमानाच्या दर अंशामागे त्याची क्षमता पाव ते अर्धा टक्क्याच्या दरम्यान उतरते. विदर्भातल्या मे महिन्यात तापून निघणाऱ्या पॅनेलपेक्षा एप्रिलच्या कोरड्या, थंड, लख्ख उन्हातलं हेलसिंकीचं पॅनेल त्याच उन्हातून जास्त वीज काढतं. नेदरलँड्स बावन्नाव्या अक्षांशावर आहे, ढगाळ हवेसाठी बदनाम आहे, आणि दरडोई सौरक्षमतेत युरोपीय संघात पुढे आहे. २०२५ च्या जूनमध्ये अख्ख्या युरोपीय संघात वीजनिर्मितीचा सर्वांत मोठा स्रोत सूर्य होता. अणुऊर्जा आणि वारा त्याच्या मागे. ऊनच नाही म्हणणाऱ्यांनी निदान हा महिना तरी डोळ्यांआड करू नये.

आता भिंतींकडे येतो. आपल्या डोळ्यांपुढे सौरऊर्जा म्हटलं की गच्ची येते आणि इथेच आपला अंदाज फसतो. सूर्य सात अंशांवर असताना सपाट गच्चीवर त्याच्या किरणांचा जेमतेम आठवा हिस्सा पडतो. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या भिंतीवर जवळजवळ सगळा. इतक्या खालून येणारा किरण वातावरणाचा जाड थर कापत येतो, त्याचा जोर कमी असतो, हे खरं. पण उभ्या पॅनेलवर बर्फ साचत नाही आणि समोर पसरलेल्या ताज्या बर्फावरून परतलेला उजेडही त्याला मिळतो. उत्तरेत भिंत हीच दुसरी गच्ची आहे. पण भिंतीवर ऊन पडायचं तर समोरची इमारत किती उंच आणि किती दूर, यावर सगळं अवलंबून. गच्ची एकटी असते. भिंतीला शेजार असतो. नगररचनेशिवाय या भिंतींचा उपयोगच होत नाही.

कोपनहेगनच्या नॉर्डहाव्न या जुन्या बंदराच्या भागात आंतरराष्ट्रीय शाळेची इमारत २०१७ साली उभी राहिली. वास्तुरचना सी. एफ. म्योलर यांच्या कार्यालयाची. भिंतींवर सुमारे १२,००० पॅनेलं आहेत आणि बघणाऱ्याला ती पॅनेलं वाटतच नाहीत. समुद्राच्या पाण्यासारखा हिरवा-निळा रंग, प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या कोनात बसवलेला, त्यामुळे ढग सरकला की भिंतीवर लाट सरकल्यासारखी दिसते. रंगासाठी रंगद्रव्य वापरलेलं नाही. काचेवरच्या अतिपातळ थरांत प्रकाशाचं जे परावर्तन होतं त्यातून तो दिसतो, म्हणून पॅनेलपर्यंत पोचणाऱ्या उजेडात फारशी घट येत नाही. वर्षाला जवळपास तीन लाख युनिट वीज, शाळेच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. हे साधलं ते चारी बाजू मोकळ्या, पाण्याकाठची जागा मिळाली म्हणून. हीच शाळा दाट वस्तीत, समोर बारा मजली इमारत असताना बांधली असती तर ती पॅनेलं नुसती शोभेची राहिली असती. ट्रॉन्डहाइमच्या ब्रॅटॉर्काइयामध्ये स्नोहेट्टा या वास्तुसंस्थेने केलेली कचेरीची इमारत २०१९ ची, ६३ अंश अक्षांशावरची. तिचं छप्परच एका बाजूला तिरकं कापल्यासारखं आहे. छप्पर आणि वरच्या भिंती मिळून जवळपास ३,००० चौरस मीटर पॅनेलं, वर्षाला सुमारे पाच लाख युनिट. आकार आधी आणि पॅनेल नंतर असा क्रम तिथे नव्हता. सूर्य बघून आकार ठरला.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा मात्र ऋतूंचा आहे आणि तो मी टाळणार नाही. उत्तरेला वीज आणि उष्णता सर्वांत जास्त लागते ती जानेवारीत. सूर्य देतो ती जूनमध्ये. जूनची वीज जानेवारीत कशी न्यायची? बॅटरीने नव्हे, बॅटरी फार तर रात्र काढते. पण ही अडचण सौरऊर्जा नाकारण्याचं कारण कशी होते, ते मला कळत नाही. नॉर्वेची जवळपास नव्वद टक्के वीज जलविद्युत आहे आणि त्यांच्या जलाशयांत सुमारे ८,७०० कोटी युनिटांइतकं पाणी साठवता येतं. देशाच्या वर्षभराच्या वापराच्या निम्म्याहून अधिक. उन्हाळ्यात शहराने जितकी वीज छपरांवरून काढली, तितकं पाणी धरणात राहिलं आणि ते जानेवारीत सोडता येतं. बर्फ वितळून पाणी येतं तेही त्याच दिवसांत, त्यामुळे साठ्याविना चालणाऱ्या लहान प्रकल्पांत थोडं वाया जाईल, हे मान्य. आणि हिवाळ्यात वारा जास्त वाहतो. वारा, पाणी आणि ऊन यांच्या पाळ्या नीट लागतात. त्यातली एक पाळी रद्द करून उरलेल्या दोघांवर भार टाकण्यात शहाणपण कसलं?

उष्णतेचा प्रश्न तर वेगळाच आहे आणि तिथे डेन्मार्ककडे बघावं. सिल्केबोर्ग शहराने २०१६ मध्ये दीड लाख चौरस मीटरहून मोठं सौर-उष्णता संकलनाचं क्षेत्र उभारलं. शहराच्या वार्षिक उष्णतेच्या गरजेचा साधारण पाचवा हिस्सा त्यातून निघतो. व्होयेन्स नावाच्या छोट्या गावात तर जुन्या वाळूच्या खाणीत प्लास्टिकचं अस्तर घालून दोन लाख घनमीटर पाण्याचं तळं केलंय, वर तरंगतं, उष्णतारोधक झाकण. उन्हाळाभर पाणी तापवायचं, ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत न्यायचं आणि शरद सरता सरता गावाच्या नळांतून घराघरांत सोडायचं. हे करायला भारी तंत्रज्ञान लागत नाही. लागतात त्या दोन गोष्टी: शहराच्या मालकीचं उष्णतेचं जाळं आणि खड्ड्यासाठी शहरालगत राखून ठेवलेली जागा. दोन्ही गोष्टी आराखड्यात आधी मांडलेल्या असाव्या लागतात. जागा एकदा गोदामांना दिली की तळं कागदावरच राहतं.

यावर कॅनडातल्या ड्रेक लँडिंगचं उदाहरण हटकून तोंडावर फेकलं जातं. अल्बर्टातल्या ओकोटोक्स गावातली ५२ घरांची वसाहत, २००७ पासून. गॅरेजांच्या छपरांवर उन्हातून मिळालेली उष्णता १४४ विंधनछिद्रांतून जमिनीत साठायची आणि हिवाळ्यात तीच उष्णता घरांत परत यायची. एका हिवाळ्यात तर घरं तापवण्याची शंभर टक्के गरज उन्हाने भागली. २०२४ मध्ये ती यंत्रणा बंद करायचं ठरलं आणि घरं गॅसवर गेली. पण ती बंद पडली ती ऊन कमी पडलं म्हणून नव्हे. भाग जुने झाले, गळती सुरू झाली, सुटे भाग मिळेनात आणि ५२ घरांना तो दुरुस्तीखर्च झेपण्यासारखा नव्हता. म्हणजे चुकलं असेल तर प्रमाण चुकलं. हाच खर्च पाच हजार घरांच्या जाळ्यात वाटला गेला असता, तर चित्र वेगळं दिसलं असतं. ड्रेक लँडिंगमधून सौरऊर्जेच्या विरोधात नव्हे, एकट्या-दुकट्या हौशी वसाहतींच्या विरोधात पुरावा निघतो. आणि त्या मुद्द्यावर माझं नि विरोधकांचं एकमत आहे.

दुसरा मुद्दा हल्ली पुढे केला जातो तो उणे दरांचा. २०२४ साली फिनलंडमध्ये वर्षातले शेकडो तास विजेचा घाऊक भाव शून्याखाली होता. वीज वाटायला पैसे मोजावे लागतात, मग आणखी पॅनेलं कशाला? यातला बराचसा वाटा वारा, अणुऊर्जा आणि वितळलेल्या बर्फाचा आहे, पण ते बाजूला ठेवू. सौरऊर्जेमुळे भाव पडतो तो प्रामुख्याने दुपारी, कारण बहुतेक पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून बसवलेली. पूर्व आणि पश्चिम भिंतींवरची पॅनेलं सकाळी आणि संध्याकाळी वीज देतात, जेव्हा लोक घरी असतात आणि भाव चढा असतो. कुठल्या रस्त्याला पूर्वेचा दर्शनी भाग द्यायचा आणि कुठल्याला दक्षिणेचा, याचं मिश्रण घरमालक करू शकत नाही. ते नकाशावर रस्ता आखणाराच करतो.

मग उरतो दाटीचा आक्षेप, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. ऊन मिळावं म्हणून इमारती लांब लांब पसरवल्या तर शहर फोफावेल, लोक मोटारीने फिरतील आणि पॅनेलांनी वाचवलेली ऊर्जा पेट्रोलमध्ये जाईल. वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियसने १९३० च्या सुमारास उंच इमारती, मध्ये मोठी मोकळी जागा असं उत्तर दिलं होतं आणि त्यातून युद्धोत्तर युरोपात काय ओसाड वसाहती उभ्या राहिल्या, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण दाटी आणि ऊन यांचं वैर आहे हे गृहीतकच चुकीचं. स्टॉकहोमचं सोडरमाल्म किंवा कोपनहेगनचं नोरब्रो बघा. पाच-सहा मजली, एकमेकांना खेटून, एकाच उंचीच्या इमारती. वस्ती गच्च, बस-सायकलला सोयीची. आणि छपरं? कुणाचंच छप्पर कुणाच्या सावलीत नाही, कारण कुणी कुणापेक्षा उंच नाही. अशा वस्तीत घोळ घालतो तो मधेच घुसलेला एक मनोरा. तो आपल्यापुरती चार माणसं जास्त सामावतो आणि उत्तरेकडच्या दोन-चार चौकांची छपरं खाऊन टाकतो. उंच बांधायचंच तर ते वस्तीच्या उत्तर कडेला, पाणी किंवा बगिचा याकडे सावली जाईल असं बांधावं. दक्षिणेकडे उंची उतरती ठेवावी. यात दाटीचा एक चौरस फूटही कमी होत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सौर तापन-शीतलीकरण कार्यक्रमात २०१३ ते २०१७ या काळात स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या पुढाकाराने नगररचनेतल्या सौरऊर्जेवर जो अनेक देशांचा प्रकल्प झाला, त्याचा रोखही हाच होता: निर्णय इमारतीच्या नकाशात नव्हे, त्याच्या आधीच्या आराखड्यात घ्यायला हवा. उशीर झाला की वास्तुरचनाकाराच्या हाती उरतं ते सावरासावर करणं.

सावरासावर किती महाग आणि किती लांब पडते हे नॉर्वेतल्या रयुकानमध्ये दिसतं. अरुंद, खोल दरीतलं हे गाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्स्क हायड्रो कंपनीने धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या खतकारखान्यासाठी वसवलं. वीज हवी होती, म्हणून दरी निवडली. कामगारांना ऊन मिळेल का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत गावात सूर्यकिरण येत नाही. १९२८ मध्ये कंपनीने गावकऱ्यांना डोंगरावर नेऊन उन्हात बसवण्यासाठी रोपवे बांधून दिला. डोंगरावर आरसे लावून खाली ऊन पाडायची कल्पना १९१३ पासून हवेत होती. मार्टिन अँडरसन या कलाकाराने ती पुन्हा उचलून धरली आणि २०१३ मध्ये प्रत्यक्षात आली. तीन आरसे, मिळून ५१ चौरस मीटर, संगणकाच्या सांगण्याप्रमाणे सूर्याबरोबर वळणारे. ते चौकातल्या सुमारे ६०० चौरस मीटर जमिनीवर ऊन पाडतात. उद्घाटनाला लोक गॉगल लावून, खुर्च्या टाकून त्या तुकड्यात बसले होते. पर्यटक त्याचे फोटो काढतात आणि उत्तरेकडच्या माणसाला ऊन किती प्रिय, असं म्हणून हळवे होतात. मला तिथे फक्त आराखड्याच्या वेळी न विचारलेल्या एका प्रश्नाचं बिल दिसतं, शंभर वर्षं भरत राहिलेलं.

याच्या उलट उदाहरणही शेजारच्या स्वीडनमध्ये आहे. राल्फ अर्स्किन हा इंग्लंडात जन्मलेला, स्वीडनमध्ये स्थायिक झालेला वास्तुरचनाकार. साठच्या दशकात त्याने आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, स्वाप्पावारा या खाणगावात एक लांबलचक इमारत बांधली, उत्तरेच्या वाऱ्याकडे पाठ आणि दक्षिणेच्या उन्हाकडे तोंड करून. सौर पॅनेल त्याच्या कामात नव्हतं. आराखडा पुरा झाला नाही, इमारतीचा बराच भाग पुढे पाडलाही गेला. पण दिशा आधी आणि भिंती नंतर हा क्रम त्याने पाळला होता.

राहता राहिला कायदा. ‘हे सगळं बरोबर, पण उन्हावर हक्क कसा मोजायचा?’ असा सवाल करणाऱ्यांनी जुने नियम उघडावेत. सोव्हिएत काळापासून चालत आलेल्या रशियन नियमांत ५८ अंशांच्या उत्तरेला घरांना २२ एप्रिल ते २२ ऑगस्ट या काळात रोज अडीच तास थेट ऊन मिळायलाच हवं, अशी अट होती. डिसेंबरचं ऊन त्यांनी मागितलं नाही. मिळण्यासारखं होतं तेवढंच मागितलं. स्टालिनच्या वारसांना जे मोजता आलं ते आजच्या संगणकांना मोजता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? इंग्लंडात १८३२ च्या कायद्याने वीस वर्षं उजेड मिळालेल्या खिडकीला त्या उजेडाचा हक्क लाभतो. हा हक्क पॅनेलला नाही. पण २०१९ मध्ये केंट परगण्यातल्या मेडवे नगरपरिषदेच्या एका प्रकरणात हायकोर्टाने दिलेला निकाल बघण्यासारखा आहे. शेजाऱ्याच्या वाढीव बांधकामाने एका घराच्या भिंतीवरच्या पॅनेलांवर सावली येणार होती. नगरपरिषद म्हणाली, हा खाजगी मामला, परवानगी देताना विचारात घ्यायचा नाही. कोर्टाने ते अविवेकी ठरवलं आणि परवानगी रद्द केली: हवामानबदलाशी झुंजायचं धोरण असेल, तर पॅनेलवरची सावली हा नगररचनेचाच विषय ठरतो.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये इमारतींच्या ऊर्जाक्षमतेचा निर्देश सुधारला. त्यानुसार अडीचशे चौरस मीटरहून मोठ्या नव्या सार्वजनिक आणि बिगरनिवासी इमारतींवर २०२६ च्या अखेरीपासून, नव्या निवासी इमारतींवर २०२९ च्या अखेरीपासून सौरयंत्रणा बंधनकारक होते. माझ्या बाजूचे लोक यावर खूश आहेत, मी नाही. कारण त्यात सुटकेची एक वाट आहे: जागा तांत्रिकदृष्ट्या योग्य नसेल किंवा खर्चाच्या हिशेबात बसत नसेल, तर माफी. सावलीतल्या छपराला ही माफी सहज मिळेल. म्हणजे बिल्डरने शेजाऱ्याचं ऊन अडवायचं, शेजाऱ्याचं छप्पर अयोग्य ठरायचं आणि कायद्याने दोघांनाही सोडून द्यायचं. पॅनेलची सक्ती आहे, उन्हाची नाही. सदस्य देश हा निर्देश आपापल्या कायद्यात उतरवताना एवढं तरी करू शकतात: माफीच्या प्रत्येक अर्जासोबत २१ मार्च आणि २१ जूनचा सावलीचा नकाशा मागावा, सावली कुणाच्या इमारतीची आहे ते त्यावर लिहून घ्यावं, आणि ती इमारत २०२६ नंतर मंजूर झालेली असेल तर बुडालेल्या युनिटांची भरपाई तिच्या मालकाकडून, दरवर्षी, शेजाऱ्याच्या वीजबिलात जमा करावी.